गेलेल्या माणसाचा सदरा

मराठी भाषेत ‘गेला’ हा शब्द फार बेभरवशाचा आहे. ‘जोशी गेले’ असं कोणी म्हटलं की ऐकणाऱ्यानं चेहरा कोणता करावा हे निदान अर्धा मिनिट कळत नाही. जोशी घरी गेले, बदली होऊन नागपूरला गेले, स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले की कायमचेच गेले, हे सगळं पुढच्या वाक्यावर अवलंबून असतं. म्हणून शहाणा माणूस सुरुवातीला नुसतं ‘अरे!’ म्हणून ठेवतो. त्याला पुढे ‘रे’ जोडायचा की ‘वा’ जोडायचा, हे मागाहून ठरवता येतं.

हाच घोळ फुटबॉलच्या शर्टाबाबत होतो. पाठीवर खेळाडूचं नाव असलेला शर्ट माणूस हौसेनं विकत घेतो, कधी स्वतःच्या पगारातून आणि बहुधा बापाच्या पगारातून. शर्टाचा रंग जायच्या आत खेळाडू जातो. बहुतेक वेळा जास्त पैसे देणाऱ्या क्लबाकडे जातो, काही वेळा निवृत्त होतो, आणि क्वचित, फार क्वचित, खराच जातो. शर्ट मात्र कुठेच जात नाही. आपल्याकडे सुखी माणसाच्या सदऱ्याची गोष्ट आहे. राजाचे शिपाई गावोगाव हिंडतात, सुखी माणूस शेवटी सापडतो, पण त्याच्या अंगात सदराच नसतो. फुटबॉलवेड्यांची गोष्ट नेमकी उलटी. सदरा आहे, धुवून घडी घालून ठेवलेला आहे. ज्याचं नाव त्यावर आहे तो माणूस मात्र जागेवर नाही.

हा प्रश्न किती घरांत आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर सकाळच्या वेळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडावी. पूर्वी लोकलमध्ये पुढच्याचं वर्तमानपत्र वाचता येत असे. आता पुढच्याची पाठ तेवढी वाचता येते, कारण आपलं नाक तिलाच टेकलेलं असतं. कल्याणपासून ठाण्यापर्यंत मी कितीतरी पाठी अशा जवळून वाचल्या आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ जसे खडकाचे थर पाहून काळ सांगतात, तसा मला आता शर्ट पाहून काळ सांगता येतो. रोनाल्डो आणि रेआल माद्रिद हा २०१८ पूर्वीचा थर. मेस्सी आणि बार्सिलोना हा ऑगस्ट २०२१ पूर्वीचा. नेमार आणि बार्सिलोना हा त्याच्याही खालचा, २०१७ पूर्वीचा. आणि मुंबई सिटीच्या निळ्या शर्टावर फोरलान असं दिसलं तर तो २०१६चा अस्सल जीवाश्म समजावा. २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा उरुग्वेचा फोरलान एक हंगाम अंधेरीला खेळला आणि गेला. त्याच्या आधी फ्रान्सचा आनेल्का येऊन गेला. आमच्याकडे चाळीस टक्के आगाऊ घेऊन घराचं रंगकाम अर्धवट टाकून जाणारे कारागीरसुद्धा याहून जास्त टिकतात.

माणसाच्या पाठीवर दुसऱ्याचं नाव, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना मुळीच समजली नसती. त्यांच्या काळी कपड्यावर खूण घालायचा अधिकार फक्त परिटाला होता. तो बिब्याच्या काळ्या रसानं कॉलरच्या आत दोन रेघा आणि एक टिंब काढी. ती लिपी जगात त्याला एकट्यालाच वाचता येत असे, आणि तरीही शेजाऱ्याचं धोतर आपल्याकडे येतच असे. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी नातवाच्या पाठीवरचं परदेशी नाव पाहून विचारलं होतं, “हा कोण रे? आणि याचं नाव तू का वागवतोस? उधारी आहे का त्याची?” नातू म्हणाला, “आजोबा, जर्सी आहे ती.” आजोबा म्हणाले, “बनियन आहे. आणि दुसऱ्याचं बनियन घालू नये.”

पाठीवर काहीतरी लिहायची सुरुवात झाली ती मोजण्याच्या सोयीसाठी. २५ ऑगस्ट १९२८ या दिवशी इंग्लंडमध्ये आर्सेनल आणि चेल्सी या दोन क्लबांनी आपापल्या सामन्यांत खेळाडूंच्या पाठीवर आकडे लावले. १९३३ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्यात एव्हर्टनच्या अकरा जणांनी १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीच्या अकरा जणांनी १२ ते २२ असे आकडे घातले. बावीस माणसांना ओळीनं अनुक्रमांक द्यायची ही कल्पना ज्याला सुचली, तो नक्की कुठल्यातरी बँकेत टोकन वाटत असला पाहिजे. १९३९ साली इंग्लिश फुटबॉल लीगनं आकडे सक्तीचे केले. सक्ती झाली, हंगाम सुरू झाला, तीन फेऱ्या झाल्या आणि दुसरं महायुद्ध पेटून लीगच बंद पडली. परिपत्रकांचं असंच असतं.

तरी तोपर्यंत भानगड नव्हती, कारण आकडा हा माणसाचा नव्हता, जागेचा होता. पुढच्या फळीत मधे खेळेल तो ९. आज अमका, उद्या तमका. आमच्या काउंटरसारखंच. काउंटर नंबर पाचवरचा माणूस बदलून गेला तरी काउंटर नंबर पाच तिथेच असतो आणि त्याच्यासमोरची रांगही तिथेच असते. घोटाळा होतो तो नावाच्या पाट्या आल्यावर. एका शाखेत माझ्या आधीच्या माणसाची पाटी त्याची बदली झाल्यावरही सहा महिने टेबलावर होती. लोक मला त्याच्या नावानं हाक मारीत, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करीत, आणि एका गृहस्थांनी तर त्याला द्यायचे होते ते आंबे मला आणून दिले. आंबे मी पाटीच्या वतीनं स्वीकारले.

फुटबॉलमध्ये ही पाटी १९९३-९४ च्या हंगामात बसली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं त्या वर्षीपासून प्रत्येक खेळाडूला हंगामभराचा ठरावीक आकडा आणि त्यावर त्याचं नाव देऊन टाकलं. क्रिकेटनं नाव त्याआधीच घातलं होतं. १९९२ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या विश्वचषकात रंगीत कपडे आले आणि पाठीवर नावं आली. आकडे आले १९९९ च्या विश्वचषकात. म्हणजे हा सारा इतिहास फार तर तीस-पस्तीस वर्षांचा. १९११ साली मोहन बागानच्या ज्या खेळाडूंनी बहुतेक अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवलं, त्यांच्या पायातच काही नव्हतं, तर पाठीवर कुठून असणार? आमच्या मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा, मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, रेल्वे असे कंपन्यांचे संघ खेळायचे. तिथे खेळाडू हा आधी नोकरीला असे आणि मग मैदानावर. असा खेळाडू गेला तर शर्टाचं काय करायचं हा प्रश्न कोणालाच पडत नसे. पडायचा तो ग्रॅच्युइटीचा.

प्रश्न सुरू झाला तो खेळाडूचा शर्ट बघणाऱ्याच्या अंगात आल्यावर. क्लबाला यात व्यापार दिसला आणि तो अगदी खरा होता. नाव बदललं की शर्ट जुना होतो, शर्ट जुना झाला की नवा घ्यावा लागतो. खेळाडूच्या प्रत्येक बदलीबरोबर लाखो लोकांच्या कपाटातला माल एका रात्रीत घसाऱ्यात निघतो. आम्हा कॉमर्सवाल्यांना घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या, समान हप्त्याची आणि घटत्या बाकीची. संध्याकाळच्या बातमीबरोबर किंमत शून्य, ही तिसरी पद्धत आमच्या पुस्तकात नव्हती.

याच्यावर आमच्या भागानं आपला एक उपाय काढला, तो म्हणजे उल्हासनगर. कल्याणच्या पुढे एका स्टेशनावर जगातला कुठलाही शर्ट मिळतो, आणि ‘मेड इन यूएसए’ याचा खरा अर्थ काय, हा विनोद आमच्याकडे आता इतका जुना झाला आहे की तोही निवृत्त करायला हवा. तिथल्या शर्टावरची स्पेलिंगं कधीकधी छापणाऱ्याच्या मनाप्रमाणे असतात. मेस्सीतला एक ‘एस’ गळतो, रोनाल्डोत ‘एल’ आणि ‘एन’ जागा बदलतात. पण यातली खोच फार थोड्यांच्या लक्षात येते. चुकीच्या स्पेलिंगचा खेळाडू कधीही क्लब सोडून जात नाही. ‘रोलानडो’ नावाचा खेळाडू आजही रेआल माद्रिदमध्ये आहे, उद्याही राहील, त्याला सौदी अरेबियातून कितीही बोलावणं येवो. भाच्याला असा शर्ट घेऊन दिला तर तो जन्मभर टिकतो, फक्त भाचा आपल्याशी बोलत नाही.

बरं, अस्सल शर्ट घेतला आणि खेळाडू गेला, तर त्या शर्टाचं घरात काय होतं? मराठी घरात कपडा मरत नाही, त्याची फक्त पदावनती होते. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, धाकट्याचा रविवारी घरी घालायला, मग भांडी पुसायला, मग सायकल पुसायला, आणि शेवटी पायपुसणं म्हणून दाराशी. सुती साडी असेल तर तिची गोधडी होते आणि ती आणखी वीस वर्षं सेवेत राहते. पण फुटबॉलचा शर्ट पॉलिएस्टरचा. तो पाणी शोषत नाही. ओट्याच्या या टोकाचं पाणी त्या टोकाला नेऊन ठेवतो. त्याचं फडकं होत नाही, गोधडी होत नाही, पायपुसण्यावरून घरातलं ज्येष्ठ माणूस घसरतं. बोहारणीला दाखवला तर ती दोन बोटांत धरून उजेडाकडे करते, पाठीवरचं नाव बघते आणि म्हणते, “ताई, नावाचा कपडा कोन घेनार? साडी हाय का जरीची?” एका वाटीलाही तो जात नाही. त्यामुळे आपली हजारो वर्षांची वस्त्रविषयक संस्कृती या एका शर्टापुढे हात टेकते.

काही लोक शर्ट जाळतात. २०१० साली अमेरिकेत बास्केटबॉलचा लेब्रॉन जेम्स आपल्या गावाजवळचा क्लीव्हलंडचा संघ सोडून मायामीला गेला, तेव्हा लोकांनी त्याचे २३ नंबरचे शर्ट रस्त्यावर आणून पेटवले. २०१४ साली तो परत आला. नंबर तोच, २३. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यानं त्याच संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं. ज्यांनी शर्ट जाळले होते त्यांना मधल्या काळात पुन्हा पैसे मोजावे लागले. आमच्याकडेही २०२३ च्या डिसेंबरात रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याला कप्तान केल्यावर मुंबई इंडियन्सच्या टोप्या-शर्ट जाळल्याच्या बातम्या आल्या. तिथे तर रोहित कुठे गेलाही नव्हता. हिशेबनिसाच्या दृष्टीनं बघायचं तर जाळणं हे सगळ्यात महाग. सुनील छेत्रीचंच बघा. २०२४ च्या ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून ते आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाले, सारं स्टेडियम रडलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये परत येऊन त्यांनी मालदीवविरुद्ध गोल मारला. अकरा नंबरचा शर्ट ज्यांनी बोहारणीला दिला असेल त्यांचं काय झालं असेल? आपल्याकडे निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसात येऊन बसतो हे ठाऊक असूनही लोक घाई करतात.

क्लबांनी यावर वेगळा उपाय काढला. नाव गेलं तर आकडाच बंद करायचा. याची सुरुवात फुटबॉलमध्ये झालेली नाही. १९३४ साली कॅनडातल्या टोरोंटोच्या आइस हॉकी संघानं एस बेली या जबर जखमी होऊन खेळातून बाद झालेल्या खेळाडूचा ६ हा आकडा बंद केला. पुढे ही प्रथा पसरली. २००० साली नापोलीनं मॅराडोनाचा १० बंद केला. २००४ मध्ये नापोलीचं दिवाळं निघालं आणि क्लब खालच्या विभागात गेला. त्या विभागाचा नियम असा की सामना सुरू करणाऱ्यांनी १ ते ११ हेच आकडे घालायचे. झालं, देवघरात ठेवलेला १० काढून पुन्हा माणसाच्या पाठीवर घालावा लागला. २००२ च्या विश्वचषकासाठी तर अर्जेंटिनानं देशाचाच १० बंद करायचा घाट घातला आणि यादीत ९ नंतर ११ लिहून शेवटी २४ घातला. फिफानं यादी परत पाठवली. नियम १ ते २३ सलग असा आहे, मधे जागा सोडता येणार नाही. मॅराडोना असेल तुमच्या घरी. शेवटी ओर्टेगानं १० घातला. हे वाचल्यावर मला फिफाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. आमच्या हेड ऑफिसनंही अगदी हेच केलं असतं. व्हाउचरचे क्रमांक सलग हवेत. मधला रद्द असेल तर ‘रद्द’ असा शिक्का मारून फाइलला लावा, पण गाळू नका.

मिलाननं मात्र वारसाची सोय ठेवली. पाओलो माल्दिनी २००९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याचा ३ बंद केला, पण त्याचा मुलगा मिलानकडून खेळला तर त्याला तो मिळेल अशी तरतूद केली. म्हणजे नॉमिनेशन केलं. धाकटा मुलगा डॅनियल खरंच मिलानकडून खेळला, पण त्यानं आधी ९८ आणि मग २७ घातला, आणि पुढे तो मोंझाला गेला. मी रोज लोकांना सांगत असतो की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो विश्वस्त असतो. कोणी ऐकत नाही. या पोरानं न सांगता ऐकलं.

आणि त्याच शहरातल्या इंटर क्लबात सामोरानो होता. त्याचा ९ हा आकडा १९९८ मध्ये ब्राझीलच्या रोनाल्डोला द्यावा लागला. या चिलीच्या गड्यानं १८ घेतला आणि मधे अधिकचं बारीक चिन्ह लावून घेतलं. एक अधिक आठ. जगातल्या सर्व कारकुनांच्या वतीनं मी त्याला मनातल्या मनात सलाम केला आहे. रक्कम काढून घेतली तरी बेरीज त्यानं सोडली नाही.

असाच बेरजेचा एक खटला आमच्याकडे झाला. सचिन तेंडुलकर १० नंबर घालायचा. २०१३ मध्ये मुंबई इंडियन्सनं तो आकडा बंद केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वानखेडेवर दोनशेवा कसोटी सामना खेळून सचिन निवृत्त झाला. भारतीय संघाचा १० मात्र अधांतरी राहिला. कोणी बंदही केला नाही आणि कोणी घालायचं धाडसही केलं नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला कोलंबोत शार्दूल ठाकूरनं श्रीलंकेविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना खेळला, आणि पाठ फिरवली तर १०! देशभर गहजब झाला. त्याचं कारण अंकशास्त्राचं होतं. जन्मतारीख १६ ऑक्टोबर १९९१. मी लगेच कागदावर तेरीज मारून पाहिली. एक, सहा, एक, शून्य, एक, नऊ, नऊ, एक, अठ्ठावीस. दोन नि आठ दहा. हिशेब चोख होता. पण लोकांना हिशेब नको होता. लोकांना तो दहा रिकामा हवा होता. पुढे शार्दूलनं ५४ घेतला. पाच नि चार नऊ. एक कमी पडला, पण वाद मिटला.

यात आम्हा ठाणेकरांची एक दुखरी बाजू आहे. शार्दूल पालघरचा. तो जन्मला तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे आमच्या जिल्ह्याचा मुलगा भारताकडून खेळला असं म्हणायच्या वेळी तो जिल्हाच गेलेला होता. दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर हा मुलगा लोकलनं पालघरला घरी गेला. डब्यातल्या पोरांनी मोबाइलवर फोटो शोधून तो तोच आहे का याची खात्री करून घेतली म्हणतात. त्या वेळी त्याच्या पाठीवर नाव नव्हतं, त्यामुळे पुराव्याची अडचण आली असणार. क्रिकेट मंडळानं १० अनौपचारिकपणे बाजूला ठेवला आणि २०२३ मध्ये धोनीचा ७ ही त्याच्या शेजारी जाऊन बसला. आमच्या भाषेत ही निष्क्रिय खाती. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण मालकाचा हक्क बुडत नाही. २०२५ च्या १४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा सचिननं त्याला आपली १० नंबरची जर्सी भेट दिली. निष्क्रिय खात्यातून मूळ खातेदाराला पैसे काढता येतात, हे माझं म्हणणं त्यामुळे सिद्ध झालं.

इथपर्यंत हसून बोलता येतं. आता गोव्याचा एक आकडा सांगतो.

५ डिसेंबर २००४. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना. गोव्याचा धेंपो क्लब विरुद्ध मोहन बागान. धेंपोकडून ख्रिस्तियानो ज्युनियर नावाचा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन पोरगा खेळत होता. त्यानं पहिला गोल केला. उत्तरार्धात दुसरा केला, आणि तो करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन खाली पडला तो उठलाच नाही. धेंपोनं कप दोन-शून्य असा जिंकला, दोन्ही गोल त्याचे. त्याच हंगामात धेंपोनं राष्ट्रीय लीगही जिंकली. धेंपोनं त्याचा आकडा बंद केला. तोही १०च होता.

इथे ‘गेला’ या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. इथे १ ते २३ सलग हवेत असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यानंही फाइल बंद करून थोडा वेळ खिडकीबाहेर बघावं. परमुलुखातून पोटासाठी आलेला पोरगा, दुसऱ्यांच्या गावाच्या शर्टात, दुसऱ्यांना कप देऊन गेला. त्याच्या पाठीवरचा आकडा दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, एवढंच क्लबाच्या हातात होतं, आणि तेवढं त्यांनी केलं. आपल्याकडे गेलेल्याच्या पानावर काही दिवस दुसऱ्या कोणाला बसवत नाहीत, तसं.

पण क्लबाला जे साधतं ते घराला साधेलच असं नाही. क्लबाकडे निदान सामन्यागणिक यादी असते. त्या यादीत दर वेळी एक जागा मोकळी दिसते आणि नवा मुलगा विचारतो, ‘दहा कोणाचा?’ घरातल्या कपाटात बंद केलेला शर्ट कोणाला दिसतच नाही. त्यावर डांबराच्या गोळ्या पडतात आणि विषय संपतो. शिवाय क्लब तरी कायमचे कुठे असतात? महिंद्र युनायटेड, म्हणजे आमचे ‘जीपवाले’, २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकले आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. २००७ ला निघालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये आटोपला. ज्यांनी या संघांचे शर्ट जपले, त्यांच्याकडे नाव गेलं, आकडा गेला, पुढचं बोधचिन्हही गेलं. उरला तो शर्ट आणि तो घालून कूपरेजच्या पायऱ्यांवर पावसात बसल्याची आठवण. त्यांच्यासाठी आकडा कोण बंद करणार?

आणि काही माणसं अशी की ती गेली म्हणावीत तर गेलेली नसतात. डोंबिवलीत वाढलेला, स. वा. जोशी विद्यालयात शिकलेला अजिंक्य रहाणे. कसोटी क्रिकेटमध्ये पाठीवर नावं आली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. भारतानं असे शर्ट घालून पहिली कसोटी खेळली अँटिग्वात, आणि तीत ८१ आणि १०२ धावा करून सामनावीर ठरला तो रहाणे. म्हणजे भारतीय कसोटीच्या पांढऱ्या शर्टावरचं नाव पहिल्यांदा बक्षीस घ्यायला गेलं ते आमच्या गावचं. मेलबर्नचं शतक त्याचं, गाबाच्या विजयाचं कप्तानपद त्याचं. २०२३ च्या जुलैनंतर त्याला कसोटीत बोलावणं येईना. निरोपाचा सामना नाही, हारतुरे नाहीत, आकडा बंद करायचा ठराव नाही. डोंबिवलीत ज्या पोरांनी रहाणे असं लिहिलेले शर्ट करून घेतले होते, त्यांनी त्याचं काय करावं? एका पोराला मी विचारलं, “अजून घालतोस?” तो म्हणाला, “घालतो की. मी कुठे त्याला संघातून काढलंय?”

मला वाटतं, सगळा निकाल या उत्तरात आहे. आणि हे उत्तर आपल्या घरात फार जुनं आहे, शर्टापेक्षा कितीतरी जुनं. ते फळीवर असतं. कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात जाऊन एखादं पातेलं उलटं करा, किंवा काठाशी नीट बघा. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव दिसेल. कोणाच्या तरी लग्नात कोणीतरी दिलेलं, खाली तारीख. भांड्याच्या दुकानात विचारतातच, ‘नाव घालायचं का?’ आणि त्या करकर वाजणाऱ्या यंत्रानं आत्याचं, मावशीचं, पणजीचं नाव त्यावर घालून देतात. ती आत्या गेली, मावशी गेली, पणजीला तर घरातल्या कोणी पाहिलेलंही नाही. म्हणून त्या पातेल्यातलं दूध तापवायचं कोणी थांबवलंय? उलट भांडी मोजताना म्हणतात, ‘अगं, ठाण्याच्या आत्यांचं पातेलं कुठाय?’ आत्यांना जाऊन तीस वर्षं झालेली असतात. रोज दूध तापतंय म्हणून त्या रोज घरात असतात. शोकेसमध्ये ठेवलेला चांदीचा पेला कोणी दिला ते मात्र कोणालाच सांगता येत नाही.

बँकेत जोडीनं खातं उघडताना एक रकाना भरावा लागतो: ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’. नावाचा शर्ट हे असंच जोडखातं आहे. एक खातेदार मैदानावर, दुसरा गॅलरीत, नाहीतर रात्री साडेबाराला आवाज बंद करून टीव्हीसमोर. पहिला कधीतरी जाणारच; बदली होऊन, निवृत्त होऊन किंवा त्या शब्दाच्या शेवटच्या अर्थानं. तो गेला म्हणून खातं गोठत नाही आणि शिल्लक बुडत नाही. ओरडून बसलेला घसा, बुडवलेली झोप, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, सगळं मागे राहिलेल्याच्या नावावर होतं. त्यासाठी मृत्यूचा दाखलाही लागत नाही.

तेव्हा शर्ट जाळू नका, बोहारणीला दाखवू नका, आणि ओटा पुसायला तर मुळीच घेऊ नका. घाला. मळला तर धुवा, पण उलटा करून, थंड पाण्यात, नाहीतर अक्षरं सुटतात. आणि नावावर इस्त्री फिरवू नका. लोकलमध्ये मागच्याचं नाक पाठीला टेकलेलं असेल तर त्याला वाचू द्या. बदलापूर येईपर्यंत त्यानं विचारलंच की ‘हा कोण होता हो?’, तर सांगायला चांगला पाऊण तास मिळतो.